आधी वर्ग, मग कोनशिला

आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची बैठक बसली की एक दृश्य ठरलेले असते. चहा येतो, जुन्या अधीक्षकांच्या पहाटेच्या शिट्टीची आठवण निघते आणि मग कोणीतरी खिशातून घडी घातलेला कागद काढतो. संस्थेने हाती घ्यावयाच्या कामांची ती यादी असते. यंदाच्या कागदावर चार कामे होती: प्रवेशद्वाराची कमान, संगणक कक्ष, विहार व त्याखाली सभागृह, आणि दहावीनंतर शिकू इच्छिणाऱ्या मुलींच्या निवासाची सोय. जमलेल्या निधीत यांतील एकच काम नीट सुरू होऊ शकते. बैठकीचा कल मात्र चारही कामांना थोडे थोडे देण्याकडे झुकला, कारण त्यात कोणी नाराज होत नाही. आम्हांला हा मार्ग सर्वांत घातक वाटतो. जोत्यापर्यंत येऊन थांबलेली बांधकामे आपण सर्वांनीच आपापल्या गावी पाहिली आहेत. त्यांत शेळ्या बसतात.

पहिले काम कोणते, हे ठरविताना आम्ही एकच प्रश्न विचारला: थांबल्याने कोणाचे काय बुडते? कमान दहा वर्षांनी उभी राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला मात्र दहा महिनेही थांबता येत नाही. आपल्या विद्यालयातील अनेक मुली ऊसतोड कामगारांच्या घरच्या आहेत. त्या जगात पतिपत्नीची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यामागे. आईवडील हंगामासाठी कारखान्यावर निघाले की शिक्षण सुटलेल्या वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा बापापुढचा खरा प्रश्न असतो. तालुक्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो, पण राहायचे कोठे? मग हंगामापूर्वी लग्न उरकले जाते आणि एक नवा कोयता तयार होतो. त्या बापाला दोष देणे सोपे आहे. पाचवी ते दहावी त्याने मुलगी विश्वासाने आपल्या हवाली केली होती. पुढची दोन वर्षे तिला जागा देण्याचे मात्र आपण आजवर टाळले आहे.

बाबासाहेबांच्या संस्थात्मक कार्याकडे या दृष्टीने पाहावे असे आम्हांला वाटते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा पाणी, मंदिर, नोकऱ्या, प्रतिनिधित्व असे सारेच प्रश्न समोर उभे होते. तरीही सभेने आरंभीच हाती घेतलेल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते आणि ते १९२५ च्या प्रारंभीच सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागाच नसेल तर शाळेचे दार उघडे असून उपयोग काय, हे त्यामागचे साधे गणित असावे. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही लष्कराच्या बराकींत. औरंगाबादचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथील महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आले, जून १९५० मध्ये सुरू झाले. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली ती १ सप्टेंबर १९५१ रोजी. म्हणजे कोनशिला बसली तेव्हा पहिल्या तुकडीचे एक वर्ष शिकून झाले होते. मराठवाड्यातील त्या मुलांना इमारतीसाठी थांबवून ठेवले असते, तर आज ही स्मरणिका वाचणाऱ्या कित्येक घरांचा इतिहास वेगळा झाला असता.

विहाराविषयी लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. बौद्धांच्या विद्यालयात विहार मागे ठेवा असे म्हणणे अनेकांना रुचणार नाही. परंतु धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी उपदेशाला आला. भगवंतांनी सारी सभा ताटकळत ठेवून आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मग देशना दिली. भिक्खूंनाही तेव्हा नवल वाटले होते. आमचे म्हणणे एवढेच, की सध्या वंदना वर्गखोलीत होत आहे आणि ती चांगली होत आहे.

सभागृहाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद अधिक वजनदार आहे. लग्नकार्यांना सभागृह भाड्याने द्यावे आणि त्या उत्पन्नातून मुलींचे वसतिगृह चालवावे, असे काही बांधव म्हणतात. कल्पना चांगली आहे. पण सभागृह पूर्ण होऊन भाडे सुरू होईपर्यंत जी वर्षे जातील, त्या वर्षांतल्या मुली कोणाच्या हिशेबात धरायच्या? शिवाय पहारेकरी, वीज, रंगरंगोटी वजा जाता काय उरते, हे त्या कागदावर कोठेच नव्हते. संगणक कक्ष लांबणीवर पडल्याने मुलांचे नुकसान होईल, हे मात्र आम्ही मान्य करतो. ते नुकसान खरे आहे आणि आमच्याजवळ त्यावर आज उपाय नाही.

मुलींच्या निवासासाठीही आम्ही इमारत मागत नाही. तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाजवळ एक भाड्याचे घर, एक स्वयंपाकीण आणि पूर्णवेळ अधीक्षिका, एवढ्यावर आरंभ होतो. अडचण निराळीच आहे. आपला समाज खोली बांधून देतो, पंखा देतो, पंख्यावर आईचे नावही घालतो. पण अधीक्षिकेच्या पगारावर कोणाचे नाव घालता येत नाही. म्हणून एकरकमी देणगीपेक्षा दरमहा थोडी रक्कम, सलग दोन वर्षे, देणारे माजी विद्यार्थी आम्हांला हवे आहेत. नोकरीत स्थिरावलेल्यांना हे अवघड नाही. कमानीसाठी ज्यांनी रक्कम जाहीर केली आहे, त्यांना भेटून ती इकडे वळविण्याची विनंती आम्ही करणार आहोत. त्यांनी नकार दिल्यास त्यांचा पैसा कमानीसाठीच राखून ठेवला जाईल.

दहावीच्या निकालानंतर घर शोधू लागलो तर उशीर झालेला असेल. घर त्याआधी भाड्याने घेतलेले हवे, आणि निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेसोबत पालकांच्या हाती त्याचा पत्ता द्यावयाचा आहे.