शस्त्रक्रियेला वर्गणी मिळते, मग न्हाणीघराला का नाही?

मणक्याला मार बसून मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या तरुणाच्या शस्त्रक्रियेसाठी महाराष्ट्रात पैसा उभा राहतो. गणेश मंडळ पेटी फिरवतं, शाळासोबत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट हलतो, केटो आणि मिलापसारख्या ऑनलाइन मंचांवर आवाहन जातं. जिवाचं थोडक्यात निभावतं आणि मुलगा घरी येतो. व्हीलचेअर न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही, हे घरच्यांना त्या दिवशी कळतं. आता त्या दारासाठी पुन्हा कुणापुढे हात पसरायचा?

साधी व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी जास्त रुंद असते. जुन्या फ्लॅटांत संडास-बाथरूमचं दार जेमतेम तेवढंच असतं. सुगम्य इमारतींसाठी केंद्र सरकारची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा आणि रॅम्पचा उतार १ः१२ सांगितला आहे. हा शेवटचा आकडा गावाकडच्या घराला लावून पाहावा. जोतं दोन फुटांचं असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. कित्येकांचं अंगणही तेवढं नसतं. मग गवंडी सहा-सात फुटांत उतार बसवून देतो. त्यावरून आईला खुर्ची वर ढकलता येत नाही आणि खाली येताना ती आवरत नाही. खर्च झाला, पण माणूस घरातच अडकला.

सरकारी योजनांतल्या घरांचीही गत वेगळी नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, सपाट भागातलं अनुदान १ लाख २० हजार रुपये. स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी मिळत आले ते १२ हजार. इतक्या पैशांत कमोड, भिंतीला धरायचे दांडे आणि खुर्ची वळेल एवढी मोरी बसणार कशी? घरकुलांच्या उद्दिष्टात दिव्यांगांसाठी पाच टक्के वाटा आहे, हे चांगलंच आहे. पण घर मिळालं आणि त्यातल्या संडासात जाता येत नसेल, तर लाभार्थ्यांच्या यादीत नाव लागून त्या माणसाला मिळालं काय?

शस्त्रक्रियेला तारीख असते, रुग्णालयाच्या कागदावर छापलेला खर्चाचा अंदाज असतो. घराच्या फेरबदलाला यातलं काही नसतं. ‘फरशा बदलायला वर्गणी कशाला?’ असं लोक तोंडावर म्हणत नाहीत, पण मनात येतं. इथेच चूक होते. अंथरुणातच सगळं उरकावं लागणाऱ्या माणसाला पाठीवर, माकडहाडापाशी जखमा होतात. त्या चिघळल्या की पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं. दिवसातून अनेकदा जाणत्या मुलाला उचलून आईची कंबर जाते, आणि मग त्या घरात काळजी घेणारंच कुणी उरत नाही. उचलायचं यंत्र, रुंद दार आणि उताराची मोरी हा उपचाराचाच भाग आहे. वर्गणी मागणाऱ्यांनी तो तसाच मांडायला हवा.

तो मांडण्यासाठी नेमका माणूस आपल्याकडे आहे: ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. थेरपिस्टने घरी येऊन मोजमापं घ्यावीत, काय आधी आणि काय नंतर ते लिहून द्यावं, त्यावर कंत्राटदाराचं कोटेशन घ्यावं. असा कागद हातात पडला की देणाऱ्यालाही आपला पैसा कशासाठी जातो ते दिसतं. पैसे थेट कंत्राटदाराला आणि यंत्र विकणाऱ्याला द्यावेत, हिशेब सर्वांना दाखवावा. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात व्यक्तीला मिळालेली भेट ५० हजारांवर गेली, तर ती सगळीच रक्कम आयकरासाठी उत्पन्न धरली जाते. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेकडून आलेल्या मदतीला यातून सूट आहे. म्हणून निधी अशा संस्थेमार्फत उभारणं शहाणपणाचं.

आणि लोक देतात. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. चाकाची खुर्ची मोकळेपणी फिरेल अशी वसतिगृहं तिथे समाजाच्या मदतीतून उभी राहिली.

तरीही एकेका घराने आयुष्यभर दानावर विसंबून राहावं, हे काही बरोबर नाही. इंग्लंडमध्ये घरातल्या अशा फेरबदलांसाठी ३० हजार पौंडांपर्यंतचं अनुदान १९९६च्या कायद्याने मिळतं. निकष पूर्ण होत असतील तर स्थानिक परिषदेला ते नाकारता येत नाही, आणि रुग्ण लहान मूल असेल तर आईवडिलांचं उत्पन्न विचारलं जात नाही. आपल्याकडे त्यासाठी नवी तिजोरी शोधायला नको. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्वांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. मार्च जवळ आला की तो अनेक ठिकाणी सरसकट समान वाटला जातो. समजा, गावात दोन लाख आहेत आणि नोंदलेले चाळीस जण. प्रत्येकाच्या हाती पाच हजार येतात आणि एकाच्याही घराचं दार रुंद होत नाही.

समान वाटप बंद केलं तर बाकीचे नाराज होतील, ही सरपंचांची अडचण खरी आहे. छोट्या गावात ती सोसणं सोपं नाही. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ३८वं कलम जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र अर्ज करण्याचा आणि तपासणी करून घेण्याचा हक्क देतं. त्या तपासणीचा आधार घेतला तर निर्णय सरपंचाच्या मर्जीवर राहत नाही. निधीचा ठरावीक हिस्सा घरांच्या फेरबदलासाठी बाजूला काढावा, दरवर्षी दोन-तीन घरं गरजेच्या क्रमाने घ्यावीत आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. गावाची वर्गणी आणि पंचायतीचा पैसा एकत्र आला, तर थेरपिस्टच्या कागदावरची कामं अर्धवट न राहता एका हंगामात उरकता येतील. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बांधताना ग्रामस्थांनी ही मागणी लेखी द्यावी.