चित्रेचें वजन

चैत्र मासास जिच्यावरून नांव मिळालें, ती चित्रा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. चैत्री पौर्णिमेस चंद्र तिच्या आसपास असतो. अयनांश ठरवितांना वेंकटेश बापूजी केतकर यांनीं हीच चित्रा आधारास घेतली. चित्रापक्ष व रैवतपक्ष हा वाद पंचांग पाळणाऱ्या घरांना नवा नाहीं. ज्या ताऱ्यावरून आपण आकाशाचें माप घेतों, त्या ताऱ्याचेंच माप घ्यावयाचें झाल्यास तें कसें घ्यावें, हा या वेळचा विषय.

प्रथम सांगावयाचें तें हें कीं, चित्रा हा एक तारा नव्हे. १८९० सालीं जर्मनींतील पॉट्सडॅमच्या वेधशाळेंत हेर्मान फोगेल यांनीं तिच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला, तेव्हां त्यांतील काळ्या रेषा ठराविक काळानें जांभळ्या व तांबड्या टोकांकडे आळीपाळीनें सरकतांना आढळल्या. तारा आपणांकडे येऊं लागला म्हणजे रेषा जांभळ्या बाजूस सरकतात, दूर जाऊं लागला म्हणजे तांबड्या बाजूस. अर्थात् तेथें दोन तारे असून सुमारे चार दिवसांत ते परस्परांभोंवतीं एक फेरा पुरा करितात. त्यांच्यांतील अंतर सुमारें दोन कोटि किलोमीटर. सूर्य आणि बुध यांच्यांतील अंतराचा हा केवळ तिसरा हिस्सा होय.

आतां वजन. एक थोराड व एक किरकोळ अशा दोन मुली फुगडी खेळूं लागल्या, तर थोराड मुलगी लहान वर्तुळांत फिरते आणि किरकोळ मुलगी मोठ्या वर्तुळांत ओढली जाते. ताऱ्यांचेंहि तसेंच. आपल्या दृष्टिरेषेंत थोरल्याचा वेग सेकंदास सुमारें १२० किलोमीटर, तर धाकट्याचा १९० भरतो. यावरून दोहोंच्या वस्तुमानांचें प्रमाण आठास पांच असें निघतें.

परंतु प्रमाण कळलें म्हणजे वजन कळलें असें नाहीं. फेऱ्याची पातळी आपणांकडे किती कललेली आहे, हें रेषांवरून समजत नाहीं. जेथें एक तारा दुसऱ्यास झांकतो, तेथें ग्रहणावरून हा कल ठरतो. चित्रेंत तसें स्पष्ट ग्रहण दिसत नाहीं. आणि हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. कल ६६ अंशांऐवजीं ६० धरला, तर वस्तुमान शेंकडा सतरांनीं वाढतें.

हा पेंच ऑस्ट्रेलियांतील नॅराब्राय येथें पुष्कळसा सुटला. हॅनबरी ब्राउन व त्यांचे सहकारी यांनीं १८८ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळांवर दोन मोठे परावर्तक बसविले होते. दोहोंवर पडणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशांतील सूक्ष्म चढउतार कितपत जुळतात, यावरून ते ताऱ्याचा विस्तार काढीत. १९७१ सालीं चित्रेच्या फेऱ्याचा कल सुमारें ६६ अंश व तिचें अंतर सुमारें २७० प्रकाशवर्षें असें त्यांनीं प्रसिद्ध केलें. पुढें हिप्पार्कोस उपग्रहानें अगदीं निराळ्या रीतीनें, लंबनावरून, सुमारें २५० प्रकाशवर्षें हा आंकडा दिला.

तरुण आणि तप्त ताऱ्यांत आणखी एक अडचण असते. त्यांच्या वर्णपटांत रेषा थोड्या. त्याहि ताऱ्यांच्या शीघ्र गिरकीमुळें फांकलेल्या, आणि दोन ताऱ्यांच्या एकमेकींत मिसळलेल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्या निवडून काढल्या गेल्या. थोरल्याचें वस्तुमान सूर्याच्या ११.४ पट, धाकट्याचें ७.२ पट, त्रिज्या अनुक्रमें साडेसात व पावणेचार पट, पृष्ठाचें तपमान सुमारें २५,००० व २१,००० अंश. सूर्याचें तें ६,००० अंशांसहि पोंचत नाहीं. आणि वय अवघें सव्वा कोटि वर्षें. सूर्य ४६० कोटि वर्षांचा आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं? आपल्या न्यायशास्त्रांत अनुमानाचें बळ व्याप्तीवर असतें. धूर आणि अग्नि यांचें साहचर्य पक्कें असेल तरच पर्वतावर अग्नि सिद्ध होतो. एकट्या ताऱ्याचें वस्तुमान आपण त्याच्या तेजावरून व तपमानावरून अनुमानितों. ती व्याप्ति खरी कीं खोटी, हें पाहण्यास युग्मतारेच हवेत, कारण तेथें वजन गतीवरून स्वतंत्रपणें मिळतें. कित्येक जड ताऱ्यांत हे दोन आंकडे जुळत नाहींत. चित्रेच्या थोरल्या ताऱ्यांत मात्र ते जुळले, आणि दोन्ही ताऱ्यांचें वयहि एकच आलें. सिद्धान्ताच्या पदरांत हें मोठेंच दान पडलें.

शिवाय या आंकड्यांत ताऱ्यांचें भवितव्य आहे. सूर्याच्या सुमारें आठ पटींहून जड ताऱ्याचा शेवट प्रचंड स्फोटानें होतो. थोरला त्या मर्यादेपलीकडे आहे. धाकटा किंचित् अलीकडे. पण त्याच्या मापांतील अनिश्चितता पाऊण सूर्याइतकी आहे, आणि थोरला पुढें फुगला म्हणजे त्याचें द्रव्य या शेजाऱ्याकडे वाहूं शकेल. दोघे इतके निकट नसते, तर हा प्रश्नच निघाला नसता.

ज्यांस चित्रा पाहावयाची असेल त्यांनीं चैत्र-वैशाखांत रात्रीं सप्तर्षींच्या शेंपटीची वांकडी रेषा तशीच पुढें न्यावी. प्रथम स्वाती लागेल, पुढें चित्रा. मुलांना दाखवितांना एवढें अवश्य सांगावें कीं, तो शुभ्र ठिपका दोघांचा आहे, आणि आज पोंचलेला त्यांचा प्रकाश थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळाच्या आसपास तेथून निघाला आहे.