भीतीला रंग कशाला?

रत्नागिरी-रायगडकडून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केपटाउनला गेलेल्या कोकणी मुस्लिमांविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "काळ्यांचे राज्य आले नि गुन्हे वाढले, तिथून निघालेलेच बरे." शिकलेसवरलेलेही माना डोलावतात.

आम्ही म्हणतो, हिशेब तरी नीट मांडा. १९९४-९५ मध्ये तिथे लाख लोकांमागे ६७ खून होत. २०११-१२ पर्यंत ते ३० वर आले. पुढे पुन्हा वाढून २०२२-२३ मध्ये ४५ झाले, हेही खरे. पण मरते कोण? बहुतांशी गरीब वस्त्यांतली काळी नि मिश्रवर्णीय पोरे. केप फ्लॅट्सवर टोळ्या माजल्या म्हणता, तर त्या रेताड माळावर माणसे नेऊन टाकली कुणी? १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांसाठी राखीव केले आणि पुढे ६०,००० वर लोक तिथून हुसकले. त्यांत मुसलमानही होते.

ज्याला परवडते तो पर्थ-लंडन गाठतो. खुशाल गाठावे, आपले पूर्वजही पोटासाठीच बोटीत बसले होते. पण जाताना शेजाऱ्याच्या कातडीवर खापर कशाला? जुलै २०२१ च्या लुटालुटीत डर्बनजवळच्या फिनिक्स या भारतीय वस्तीत रहिवाशांनी नाके उभारले. त्या भागात ३६ जण मारले गेले, बहुतेक काळे. लुटलेल्या दुकानांबद्दल हळहळणाऱ्यांनी या ३६ जणांसाठी किती उसासे टाकले?

एकाने केले की सगळी जमात तशीच! ही भाषा आपल्याला नवी आहे का? मुंबईत भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर काय ऐकावे लागते, तेवढे आठवा.