मयताचा धंदा: घरकाम



आवणी अर्ध्यावर आली असताना आपल्या संघटनेतली एक बाई गेली. वय पस्तिशीच्या पुढे, चाळिशीच्या आत. जन्माचा दाखला नाही, त्यामुळे याहून नेमके कुणालाच सांगता येत नाही. राबातली रोपं उपटून मुठी बांधत होती, हात घातला तिथे घोणस बसलेली. पावसाळ्यात पाड्यावर गाडी येत नाही, म्हणून चार जणांनी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत नेली. पहिल्या दवाखान्यात सापावरचे इंजेक्शन संपलेले होते. तिथून पुढे पाठवले, वाटेतच तिने जीव सोडला. मागे नवरा, सासू आणि तीन पोरं. थोरली मुलगी आश्रमशाळेत नववीला आहे.

तिचे नाव इथे छापत नाही. दिवस व्हायचे आहेत आणि घरच्यांची तशी इच्छा आहे. पाड्यावर ते लहान पोरालाही ठाऊक आहे.

मृत्यूची नोंद करायला दीर गेला. फॉर्मात मयताचा धंदा काय, असे विचारलेले असते. लिहिणाऱ्याने मान वर न करता लिहिले, घरकाम. दीर म्हणाला, ‘‘भाऊ, ती तर शेतात मेली.’’ त्यावर उत्तर आले, ‘‘शेत तिच्या नावावर हाय का?’’

या प्रश्नावर सगळ्यांनी थांबून विचार करायला पाहिजे, कारण त्याच्यामागे पैसाही आहे आणि जमीनही आहे. साप चावून शेतकरी मेला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळावेत अशी सरकारची योजना आहे. पण त्या योजनेसाठी घरात कुणाचे तरी नाव सातबाऱ्यावर लागते. साप सातबारा बघून चावत नाही, हे कुणी सांगायचे?

आता तिचे ‘घरकाम’ कसे होते ते बघा. होळीच्या आधीपासून कवळ तोडायचे, शेण आणि पाला डोक्यावरून आणून राब रचायचा, भाजायचा. मिरगात पेरणी. मग महिनाभर गुडघाभर चिखलात वाकून आवणी, पाठीवर इरलं. उतारावर नागली आणि वरई, तिची बेणणी वेगळी. कापणी, झोडणी, कणगी भरणे. दिवाळी झाली की पोरांना घेऊन वीटभट्टी. भट्टीवर कामाला लागते जोडी, पण उचल नवऱ्याच्या नावावर आणि हिशेबही त्याच्याशीच. शिमग्यानंतर विहीर आटली की हंडा घेऊन दरीत उतरायचे. या सगळ्याच्या आधी आणि नंतर चूल, दळण, पोरांची आजारपणं. घरकाम ती करत होतीच. ते शेतीच्या वरचे होते.

नांगर मात्र तिने धरला नाही. आपल्यात बाईने नांगर धरायचा नाही असे मानतात, आणि मग नांगर धरणारा तोच शेतकरी असेही आपणच म्हणतो. पेरल्यापासून कणगीपर्यंतची बाकी कामे बहुतेक बाईच्या हातची असली तरी.

त्या जमिनीचा इतिहास सांगायला हवा. दीड एकराचा तुकडा, जंगल खात्याच्या नकाशावर जंगल. सासऱ्याच्या वेळेपासून कसलेला. गार्ड यायचे, कोयता न्यायचे, एकदा नांगरही उचलून नेला होता. दंड भरला की पावती मिळायची. पुरुष माणसं म्हणायची, दंडाचा कागद कशाला जपायचा, चुलीत घाल. हिने पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कणगीत ठेवल्या, उंदरापासून राखल्या. २००९ साली दावा भरायची वेळ आली तेव्हा त्याच पावत्या ताब्याचा पुरावा म्हणून कामाला आल्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो आहोत हे त्यांनी सिद्ध केले. पाड्यात इतका चांगला पुरावा दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

पावत्या नवऱ्याच्या नावाच्या. दावा नवऱ्याच्या नावाचा. फाईल उघडून बघितली तर पत्नीच्या नावाची जागा कोरी.

हे कायद्याला धरून नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) मध्ये साफ लिहिले आहे की लग्न झालेले असेल तर हक्काची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायची, आणि घर एकट्या माणसाच्या जोरावर चालत असेल तर त्या एकट्याच्या नावावर. मग तो पुरुष असो की विधवा, टाकलेली बाई असो. ही जमीन विकता येत नाही, पण वारसांना मिळते. दाव्याच्या नमुन्यातही पहिल्या ओळीत दावेदाराचे नाव आणि लगेच दुसऱ्या ओळीत पती किंवा पत्नीचे नाव विचारले आहे. ती ओळ शोभेला नाही.

काही भाऊ म्हणतात, ‘‘नाव माझं असलं काय आन तिचं असलं काय, घर तर एकच हाय ना?’’ घर एक आहे तोवर ठीक. नवऱ्याने दुसरी केली, किंवा तो आधी गेला आणि दिरांनी हात वर केले, तेव्हा बाईने काय दाखवायचे? हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे बहिणींनी त्याच्या भरवशावर राहू नये. आपल्या हातात वनहक्काचा कागद आहे, तो नीट लिहून घेतला पाहिजे. जंगल खात्याशी भांडताना बाया पुढे आणि कागदावर सही करताना मागे, ही रीत संघटनेला शोभत नाही.

या बाईचा दावा अजून वर पडून आहे. आमचे म्हणणे असे की ग्रामसभेने ठराव करून तिचे नाव त्या फाईलमध्ये सहदावेदार म्हणून घालावे, ती मयत असल्याची नोंद करावी आणि तिन्ही पोरांची नावे लिहावीत, मुलीचे पहिले. वरचे साहेब मानोत न मानोत, गावाने लिहिलेले गावाच्या दप्तरात राहते. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असाव्यात असा नियम आहे. त्या नुसत्या अंगठ्यापुरत्या नकोत, जमीन मोजायला आणि पंचनाम्याला त्यांना घेऊन जा. वडीलधाऱ्यांचे जबाबही पुरावा धरले जातात. तेव्हा म्हाताऱ्यांबरोबर म्हाताऱ्या बायांचेही जबाब लिहून घ्या. कुठला बांध कोणत्या साली घातला, कुठला आंबा कुणी लावला, हे त्यांना जास्त आठवते.

सापाबद्दल एक. भगताकडे जायचे असेल तर मागाहून जा, आधी दवाखान्याची वाट धरा. चावलेल्या जागी कापू नका, घट्ट आवळू नका, माणसाला चालवू नका. आणि इंजेक्शन आहे का याची चौकशी पावसाळ्याच्या तोंडालाच दवाखान्यात जाऊन करायची, पाच-दहा जणांनी मिळून. नसेल तर लेखी मागायचे आणि पोच घ्यायची.

तिची राहिलेली आवणी पाड्यातल्या १२ बायांनी दोन दिवसांत पुरी केली. थोरली मुलगी शाळा सोडून घरी बसणार होती, तिला सासूने स्वतः परत नेऊन सोडली.

येत्या बाजाराच्या दिवशी सगळ्या पाड्यांनी आपापल्या दाव्यांच्या फाईली घेऊन कार्यालयात यावे. नवरा-बायको दोघांनी यावे. पत्नीच्या नावाची ओळ कोरी असेल तिथे अर्ज तयार करून देऊ. दंडाच्या पावत्या आणा, पण मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.