सुट्टीचा हिशेब : पॉइंट नकोत, किनारा हवा

पाडव्याचे श्रीखंड संपते न संपते तोच मंडळाच्या चहापानात एक प्रश्न फिरू लागतो, "मग, यंदा उन्हाळ्यात कुठे?" ज्यांचे भारतात जायचे ठरलेले असते ते सुटतात, तिकिटांच्या भावांवर चार उसासे टाकले की त्यांचे काम झाले. पंचाईत असते ती 'मधल्या वर्षा'ची. एक वर्ष भारत आणि एक वर्ष नाही, असा आपल्यातल्या पुष्कळ घरांचा नेम आहे. त्या 'नाही'च्या वर्षी शाळेला सहा आठवडे सुट्टी, घरात चार ते दहा वयाची पोरं, आणि बँकेत आदल्या वर्षीच्या भारतवारीने पाडलेला खड्डा, असा एकूण देखावा असतो.

नव्याने इथे आलेल्या तरुण जोडप्यांचे त्याहून कठीण. व्हिसाची फी, घरभाडे, बऱ्याचदा एकाचाच पगार. सुट्टी म्हणजे विमान आणि हॉटेल, ते परवडत नाही, म्हणून मुले सहा आठवडे घरातच, असे त्यांच्यापैकी दोघातिघांनी आम्हाला सरळ सांगितले. सप्टेंबरात शाळा उघडली की बाई पहिल्याच आठवड्यात सांगतात, "सुट्टीत काय केलंत त्याचं चित्र काढा." कोऱ्या कागदापुढे पेन्सिल चावत बसलेले पोर डोळ्यांपुढे आले, म्हणून या वेळचा हिशेब मुख्यतः त्यांच्यासाठी मांडतो आहोत.

आधी महागाईचे मूळ बघू. इंग्लंडातल्या जवळजवळ सगळ्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद होतात आणि सगळा देश एकदम बाहेर पडतो. भाव चढणारच. शाळा बुडवून जूनमध्ये जावे, तर २०२४ च्या ऑगस्टपासून दंड वाढला आहे : एका मुलामागे एका पालकाला ८० पौंड, एकवीस दिवसांत न भरल्यास १६०. म्हणजे दोन पालक नि दोन मुले यांचे ३२० पौंड झाले. तेवढ्यात एक साधी सहल होते. स्कॉटलंडमधल्या वाचकांना मात्र फायदा आहे. त्यांच्या शाळा जूनअखेरीस सुटतात, तेव्हा त्यांनी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच खाली यावे. लेस्टरच्या शाळाही इतरांच्या आठवडा-दहा दिवस आधी बंद होतात. तिथल्या कारखान्यांना पूर्वी जुलैत सुट्टी असायची, त्याची ही आठवण. लेस्टरकरांनी ती वसूल करून घ्यावी.

आता आपला स्वभाव. तो महाबळेश्वरात घडला. सकाळी टॅक्सी करायची, एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, आणखी चार पॉइंट, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे, एक फोटो, एक मक्याचे कणीस, की चला पुढे. इथे येऊनही आपण तेच करतो. चार दिवसांत सारे स्कॉटलंड, एका दिवसात तीन किल्ले. मोठ्यांना ते चालते, पाच वर्षांच्या मुलाला किल्ल्याचे काय? त्याला त्या किल्ल्याच्या दारातला खडीचा ढीग आवडलेला असतो आणि आपण त्याला तिथून ओढून नेतो. शिवाय प्रत्येक पॉइंट म्हणजे पेट्रोल, पार्किंग, तिकीट, बाहेरचे जेवण आणि संध्याकाळची रडारड. सहल महाग होते ती या धावपळीने. एक गाव धरून पाच दिवस बसा, खर्च आपोआप निम्म्यावर येतो. आणि गाव असे हवे की जिथे मुलांच्या हाताला काही काम आहे.

आमच्या मते या देशात लहान मुलांसाठी याहून चांगले गाव नाही : डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचे चारमथ, आणि त्याच्या शेजारचे लाइम रीजिस.

हा सगळा ज्युरासिक किनारा, एक्समथपासून स्टडलंडपर्यंत ९५ मैल. २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. कड्यांच्या थरांत सुमारे साडेअठरा कोटी वर्षांचा इतिहास एकावर एक रचलेला आहे. चारमथचे कडे मऊ, काळपट चिखलाचे आहेत, पावसाने ते ढासळतात आणि लाटा ती माती धुऊन नेतात. मागे उरतात ते दगड, आणि त्या दगडांत जीवाश्म. ते उचलायला तिकीट नाही, परवानगी नाही. वाळूवर सुटे पडलेले घ्यायचे, कड्याला हात लावायचा नाही, एवढाच नियम. किनाऱ्यालाच लागून चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटर आहे, प्रवेश फुकट. सापडलेला दगड तिथे नेऊन दाखवला की काय आहे ते सांगतात. माहीतगार माणसाबरोबर जीवाश्म शोधायला नेणाऱ्या त्यांच्या फेऱ्याही असतात, त्यांना पैसे पडतात, पण पहिल्या दिवशी एक फेरी जरूर करावी. मुलांची नजर तयार होते. नंतरचे चार दिवस ती आपल्यालाच शिकवतात.

सर्वांत आधी सापडतात ते बेलेम्नाइट, बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार, बोटाएवढे. माकूळसारख्या प्राण्याच्या अंगातला तो कठीण भाग. मग डोळा सरावला की ॲमोनाइट, गुंडाळलेल्या शंखासारखे. काही करंगळीच्या नखाएवढे आणि चक्क सोनेरी. ते सोने नव्हे, लोह-गंधकाचे खनिज, पण सहा वर्षांच्या मुलाला हे सांगायची घाई करू नये.

एका वर्षी आमच्याबरोबर घरची आजी होती. नात ओली मूठ उघडून दाखवायला आली. आजीने चष्मा कपाळावर चढवला, दगड फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा तर शाळिग्राम!" आम्ही हसणार होतो, पण तिचे खरेच होते. नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळणारा आपल्या देवघरातला शाळिग्राम, त्यावरचे चक्र म्हणजे ॲमोनाइटचाच ठसा, आणि तोही ज्युरासिक काळातलाच. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथेही समुद्र होता. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ मात्र लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. चारमथचा चिखल त्याच्या जवळजवळ तिप्पट जुना. हे सगळे आजीने नातीला आणि नातीने आजीला समजावत अख्खी दुपार घालवली, अर्ध्या मराठीत नि अर्ध्या इंग्रजीत. उन्हाळ्यात पुष्कळांकडे आईवडील येतात आणि त्यांना लंडनचे तेच ते पूल नि राजवाडे दाखवले जातात. त्यांना इथे आणा. बसायला बाक आहेत, आणि नातवंडांना काही सांगण्यासारखे त्यांच्यापाशी आहे.

लाइम रीजिसला मेरी ॲनिंगची गोष्ट सांगावी. जन्म १७९९, बाप सुतारकाम करणारा. घरखर्चाला हातभार म्हणून किनाऱ्यावरचे विचित्र दगड पर्यटकांना विकायचे. १८११ साली भावाला एक भलीमोठी कवटी दिसली. बाकीचा सांगाडा मेरीने पुढच्या वर्षी शोधला, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची. तो इक्थिओसॉर निघाला. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा काढला. मोठमोठे विद्वान तिच्याकडून जीवाश्म विकत घेत, त्यांवर निबंध लिहीत, आणि तिचे नाव पुष्कळदा गाळत. बाई म्हणून जिऑलॉजिकल सोसायटीचे दार तिला बंदच राहिले. तिचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली, तोही एका शाळकरी मुलीने सुरू केलेल्या मोहिमेमुळे. मुलींना ही गोष्ट पुतळ्यापाशी उभे करूनच सांगा. तिथले संग्रहालय तिच्या जन्मघराच्या जागेवर आहे. त्याला तिकीट आहे, ते पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. पाऊस येतोच. इथल्या 'उन्हाळ्या'ला उन्हाळा म्हणायचे ते केवळ कॅलेंडरच्या भिडेखातर.

कॅलेंडरवरून आठवले. भिंतीवरचे कालनिर्णय या सहलीत फार उपयोगी पडते. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. बाकीच्यांसाठी सांगतो : अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाणाची भरती येते, आणि ओहोटीही तितकीच लांब जाते. वाळू उघडी पडते, खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुले दिसतात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची ये-जा थोडी. म्हणून तारखा ठरवताना आधी तिथी पाहा, मग भरतीच्या वेळांचा तक्ता. रोज ही वेळ साधारण पाऊण तास ते तास पुढे सरकते.

इथे थट्टा बाजूला ठेवून एक सांगायचे आहे. या किनाऱ्यावर दरवर्षी माणसे पाण्यात अडकतात. चारमथ आणि लाइम रीजिसच्या मधल्या पट्ट्यात भरती आली की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कडा, आणि वर चढायला वाट नाही. पाणी उतरत असताना निघावे आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरावे, हातात कितीही सुंदर दगड असला तरी. कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नये, वरून दगड येतात. ढासळलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, पण त्यात मोठ्या माणसाचाही पाय गुडघ्यापर्यंत जातो.

जायचे कसे? मोटार असली तर प्रश्न नाही. नसली तरी लंडनच्या वॉटर्लूहून थेट गाडी ॲक्समिन्स्टरला जाते, तिथून बस. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड आधी काढा. मार्च २०२५ पासून ते वर्षाला ३५ पौंड झाले आहे, पण त्यावर मोठ्यांना एक-तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते. चार मोठे, चार मुले एका कार्डावर. दोन घरांनी मिळून जायला याहून सोयीचे काही नाही. पाचाखालची मुले फुकट. लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या वेळी मात्र ते चालत नाही, तेव्हा घरून नाश्ता करून निघा. लोकल बसचे एका वेळचे भाडे इंग्लंडमध्ये २०२५ च्या जानेवारीपासून बहुतेक मार्गांवर जास्तीत जास्त ३ पौंड आहे.

राहायचे कुठे, याला आमचे एकच उत्तर : जिथे स्वयंपाकघर आहे तिथे. हॉटेलात खोलीपेक्षा जेवण जड जाते, आणि तिसऱ्या दिवशी चिप्स पाहून मोठ्यांच्या पोटात गोळा येतो. कॅरव्हॅन पार्कमधली स्थिर कॅरव्हॅन, साधा तंबू किंवा यूथ हॉस्टेल. यूथ हॉस्टेल म्हटले की आपल्याला तरुणपणीचे हिमालयातले ट्रेक आठवतात आणि वाटते, आता वय गेले. इथे वयाची अट नाही. इंग्लंड-वेल्सची ही संस्था १९३० पासूनची, अनेक ठिकाणी कुटुंबासाठी वेगळी खोली मिळते आणि बहुतेक ठिकाणी सामायिक स्वयंपाकघर असते. बरोबर छोटा कुकर, भाजणी, मेतकूट, जाड पोहे, एक बरणी लोणचे न्यावे. वस्त्या गावाबाहेरही असतात, म्हणून बसथांब्यापासून अंतर किती ते आधी विचारावे. फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडावी. मोहरी तडतडली नि धुराची घंटा वाजली की सगळे हॉस्टेल अंगणात येऊन उभे राहते. ओळखी होतात हे खरे, पण त्याला इतर मार्ग आहेत.

पाच दिवसांत कराल काय, असे विचाराल तर : दोन दिवस दगड, एक दिवस डबकी, एक दिवस लाइमच्या कॉब नावाच्या जुन्या धक्क्यावर दोरी सोडून खेकडे धरणे आणि परत पाण्यात सोडणे, एक दिवस काहीच नाही. शेवटचा दिवस बहुधा सर्वांत चांगला जातो. चारमथला चार नावाची चिमुकली नदी समुद्राला मिळते, तिला बांध घालण्यात पोरं सकाळची संध्याकाळ करतात. खेकड्यांना आमिष म्हणून इथले लोक बेकन लावतात. शाकाहारी घरांनी हे काम शेजारच्या कुटुंबाकडे सोपवावे, ते आनंदाने करतात.

परत आल्यावर उरलेल्या आठवड्यांपैकी एक दिवस लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा. प्रवेश फुकट, आणि तिथे मेरी ॲनिंगने शोधलेले सागरी सरडे भिंतीवर आहेत. खिशात स्वतःचा ॲमोनाइट असलेले मूल त्या भिंतीपुढे कसे उभे राहते ते बघण्यासारखे असते. गावच्या वाचनालयात सुट्टीभर वाचनाचा उपक्रम चालतो, त्यात नाव घाला. तोही फुकटच.

ऑगस्टमधल्या खोल्या आत्ताच भरू लागल्या आहेत, तेव्हा हा अंक खाली ठेवून आधी तिथी बघा. पुढच्या अंकात वेल्सचा किनारा घ्यायचा विचार आहे. ज्यांनी तिथे मुलांबरोबर एका गावात मुक्काम केला असेल त्यांनी संपादकांकडे चार ओळी लिहून पाठवाव्यात : गावाचे नाव, स्वयंपाकघर होते का, आणि बसथांब्यापासून समुद्रापर्यंत पाच वर्षांच्या मुलाला चालायला किती मिनिटे लागली.