दगडफुलाची थंडी, दगडफुलाचा उन्हाळा

वर्षाचा गोडा मसाला आम्ही अल खर्जला थंडी पडली की करतो. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या वर, त्यात कढईपुढे उभे राहायचे म्हणजे खोबऱ्याआधी आपणच भाजून निघायचे. यंदा सासूबाई व्हिजिट व्हिसावर आलेल्या, त्यामुळे नागकेशर, तिरफळ, दगडफूल सगळे साताऱ्याहून बांधून आले. (खसखस तेवढी नाही. ती सौदीत आणायची नसते, हे इथल्या मंडळींना सांगायला नकोच.)

दगडफूल निवडताना आमच्या चिरंजीवांनी एक तुकडा उचलला. "आजी, हे कुठल्या झाडाचं फूल?"

"झाडाचं नाही रे, दगडाचं," सासूबाई म्हणाल्या.

हे उत्तर काही त्याला पटले नाही. तुकडा त्याने वाटीभर पाण्यात टाकला. दोन मिनिटांत राखी रंग जाऊन त्यावर हिरवट छटा आली. "आई, हे जिवंत झालं!" मसाला राहिला बाजूला, आणि पुढचे चार दिवस घरात दगडफुलाशिवाय विषय नव्हता. तेव्हा या अंकात तोच.

दगडफूल हे मुळात फूल नव्हेच. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात, इंग्रजीत लायकेन. तो एक जीवही नव्हे, निदान दोघांचा संसार आहे. कवक, म्हणजे बुरशीच्या जातीतला जीव, घर बांधतो. आणि त्या घरात राहणारे सूक्ष्म हिरवे शैवल उजेडावर स्वयंपाक करून दोघांना पुरवते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात हे मांडले, तेव्हा त्या काळच्या जाणत्या मंडळींनी त्यांची चेष्टाच केली होती.

या संसाराला मुळे नाहीत, पाणी साठवायला जागाही नाही. हवा ओली तर हा ओला, हवा कोरडी तर हा पापडासारखा कडक. ओला झाला की वरची साल पारदर्शक होते आणि आतले शैवल दिसू लागते. वाटीतली जादू ती एवढीच. पुडीत महिनोन्‌महिने पडून असलेला तुकडा हिरवट दिसला म्हणून जिवंत असेलच असे नाही, हे सांगितल्यावर चिरंजीवांचा चेहरा पडला. मग आम्ही त्याला अंटार्क्टिकाची गोष्ट सांगितली.

भारताचे तिथले मैत्री हे केंद्र १९८९ साली सुरू झाले. ते शिर्माखर नावाच्या उघड्या खडकाळ टापूवर आहे. चहूकडे बर्फ, मध्ये दगड, आणि त्या दगडांवर आपल्या दगडफुलाचे भाऊबंद! वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने २०१० साली त्यांच्यावर एक पुस्तकही काढले. साऱ्या अंटार्क्टिका खंडात फुलझाडांच्या मोजून दोन जाती, त्याही उत्तरेकडच्या द्वीपकल्पात. शैवाकांच्या मात्र चारशेच्या आसपास, आणि दक्षिणेला अगदी ८६ अंशांपर्यंत.

तिथे थंडी हा अर्धाच प्रश्न. पाणी भरपूर, पण सगळे गोठलेले, म्हणजे पिण्याच्या उपयोगाचे नाही. एका अर्थी ते वाळवंटच. शैवाक त्यावर काय करतो? पाणी नसले की सरळ काम थांबवतो. श्वास जवळजवळ बंद, वाढ बंद. हिवाळ्यातली लांबलचक रात्र तो अशी गोठून, कोरडा राहून काढतो. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, काळपट दगड हवेपेक्षा पुष्कळ गरम होतो, कडेचे बर्फ थोडे वितळते, की काम सुरू. आणि गंमत म्हणजे, पाणी वितळायलाच हवे असेही नाही. बर्फातून निघणारी नुसती वाफ शोषून हिरव्या शैवलाचे शैवाक जागे होऊ शकतात. १९९० च्या दशकात संशोधकांनी अंटार्क्टिकात जागेवर मोजमाप केले, तेव्हा उंबिलिकारिया नावाचा शैवाक उणे १७ अंशांतही प्रकाशसंश्लेषण करताना आढळला. म्हणजे आपल्या घरच्या फ्रीझरच्या जवळपासच्या थंडीत हा स्वयंपाक करतो! शैवलाने केलेली साखर कवक आपल्या पद्धतीने बदलून साठवतो, आणि अशा साखरेच्या जातीच्या पदार्थांमुळे पेशी गोठणे आणि वाळणे दोन्ही सोसतात. वरच्या सालीतले गडद रंग कडक उन्हापासून वाचवतात. काही शैवाक तर दगडावर राहतच नाहीत, वालुकाश्माच्या आत काही मिलिमीटरवर घर करतात. उजेड झिरपतो, वारा लागत नाही.

"मग इथे अल खर्जला का नाही?" चिरंजीवांचा पुढचा प्रश्न. प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. ओटो लांगे या जर्मन शास्त्रज्ञाने नेगेवच्या वाळवंटातल्या शैवाकांवर वर्षानुवर्षे काम केले. रात्री दव पडते, शैवाक ते पितो. सूर्य उगवला की दोनतीन तास जोरात प्रकाशसंश्लेषण, नंतर वाळून दुसऱ्या पहाटेपर्यंत गप्प. कोरडा असताना सत्तर अंशांची झळही तो सोसतो. ओला असताना मात्र चाळिशीच्या आसपासच्या उष्णतेने मरतो. म्हणून वाळवंटात त्याला दुपारचे पाणी घालणे म्हणजे मायेने मारणे. (कुंडीतल्या तुळशीला भर दुपारी पाणी घालणाऱ्या आमच्या 'ह्यां'नी हे वाक्य दोनदा वाचावे.)

या सगळ्यात सासूबाई गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "अगं, पण वाढतं किती वर्षांत?"

इथे आमचीच पंचाईत झाली. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत काही शैवाक शंभर वर्षांत एखादा मिलिमीटर वाढतात. सह्याद्रीतले दगडफूल इतके संथ नाही, तिथे पाऊस आहे, धुके आहे; तरी भाजीपाल्यासारखे ते दर मोसमाला उगवत नाही. त्याची शेती होत नाही, खडकावरून आणि झाडावरून खरवडूनच आणतात. अंटार्क्टिकात १९९१ च्या माद्रिद कराराप्रमाणे तिथल्या वनस्पती परवान्याशिवाय गोळा करता येत नाहीत. आणि आम्ही परातीत मूठभर घेऊन बसलेलो.

सासूबाईंनी त्यातले निम्मे उचलून पुडीत परत बांधले. "माझी सासू चिमूटच घालायची," म्हणाल्या, "मूठ आपल्या हाताला लागली ती बाजारात स्वस्त मिळायला लागल्यावर." मसाला जरा फिका झाला का? आमचे मत विचाराल तर झाला. आमटी करताना कळते. पुढल्या वर्षी किती घालायचे यावर घरात अजून एकमत नाही.

अरबीत याला उश्ना म्हणतात, आणि शास्त्रातले उस्निया हे नाव तिथूनच आले आहे. सुट्टीत अबहाला जायचा बेत आहे. असीरच्या डोंगरावर जुनिपरच्या फांद्यांवरून हा उस्निया दाढीसारखा लोंबतो. चिरंजीव भिंग घेऊन तयार आहेत. तोडायचे नाही, नुसते बघायचे, या अटीवर त्यांना पुढची सीट कबूल केली आहे.