हरल्यानंतरचे ‘आपण’

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद मराठीच्या अध्यापकाला केव्हा ना केव्हा वर्गात समजावून द्यावाच लागतो. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजी ‘वी’ला किंवा फ्रेंच ‘नू’ला ही सोय नाही; एकाच सर्वनामाला तेथे दोन्ही कामे करावी लागतात. हा भेद येथे आठवण्याचे निमित्त मात्र व्याकरणाचे नाही. कॅनडाचा वीस वर्षांखालील आइस हॉकी संघ जागतिक स्पर्धेत हरला की तेथील चाहते ज्या प्रकारे व्यक्त होतात, ते वाचताना आमच्या मनात प्रश्न उभा राहिला तो सर्वनामाचा. पराभवानंतर ‘आपण’चे नेमके काय होते?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ही स्पर्धा दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. १९९१ पासून टीएसएन या क्रीडावाहिनीने ती कॅनडाच्या घराघरांत नेली आणि सुटीच्या दिवसांत सहकुटुंब सामने पाहणे हा तेथील एक रिवाजच होऊन बसला. कॅनडाने २०२३ पर्यंत या स्पर्धेत २० सुवर्णपदके मिळवली. त्यामुळे विजय हा तेथे आनंदाचा विषय असण्यापेक्षा अपेक्षापूर्तीचा विषय अधिक असतो. ही अपेक्षा ज्यांच्या खांद्यावर असते ती मुले बहुधा अठरा-एकोणीस वर्षांची असतात. आपल्याकडे त्या वयाचा विद्यार्थी पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गात बसलेला असतो.

आता २ जानेवारी २०१९ ची रात्र. व्हँकुव्हरमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाची गाठ फिनलंडशी होती. कॅनडा १-० असा पुढे होता, आणि सामना संपायला एक मिनिटही उरले नसताना फिनलंडने बरोबरी साधली. जादा वेळेत कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला. तो कोणी मारायचा हे ठरवण्याची मुभा होती आणि प्रशिक्षकांनी कर्णधार माक्सीम कॉम्त्वा याची निवड केली. फिनलंडच्या गोलरक्षकाने त्याचा फटका अडवला. पुढे नोआ डॉब्सन या खेळाडूसमोर गोलजाळे जवळजवळ मोकळे असताना ऐन फटक्याच्या क्षणी त्याची स्टिकच मोडली. फिनलंडचे खेळाडू पक घेऊन उलट दिशेने धावले आणि टोनी उटुनेनने विजयी गोल केला. फिनलंड पुढे सुवर्णपदक जिंकला. कॅनडाचा सहावा क्रमांक लागला.

त्यानंतर कॉम्त्वाच्या इन्स्टाग्राम खात्यावर शिव्याशापांचा भडिमार झाला. कॉम्त्वा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या बाजूने बोलणारेही अनेक निघाले आणि त्या भडिमाराचा जाहीर निषेधही झाला, हे नोंदवायलाच हवे. परंतु आमचे लक्ष वेधले ते एका वेगळ्या गोष्टीने. जेमतेम आठवड्यापूर्वी, २६ डिसेंबरला, याच शहरात कॅनडाने डेन्मार्कचा १४-० असा धुव्वा उडवला होता आणि त्यांतील चार गोल कॉम्त्वाचे होते. वर्षभर आधी सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही तो होता. सव्वीस तारखेला जो ‘आपला’ होता, तो दोन तारखेला केवळ ‘तो’ उरला. सात दिवसांत त्याचा खेळ बदलला असेल-नसेल, त्याचे सर्वनाम मात्र निश्चित बदलले.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना आपल्या फुटबॉल संघाच्या सामन्यांबद्दल बोलते केले होते. विजयाचे वर्णन करताना ‘आम्ही’ची भाषा अधिक आढळली; विजय हुकला की बोलणारा संघापासून अंतर राखू लागे. परक्याच्या यशात स्वतःला न्हाऊन घेण्याची ही वृत्ती मनुष्यस्वभावाचाच भाग असेल, आणि तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण संघापासून दूर होणे वेगळे आणि दूर होताना एका मुलाला मागे लोकांच्या तोंडी देणे वेगळे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट खटकावी. अशा पराभवाला वृत्तपत्रे सर्रास ‘शोकांतिका’ म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकासंदर्भात ‘हामार्शिया’ हा शब्द वापरला, त्याच्या मुळाशी नेम चुकण्याचा अर्थ आहे. म्हणजे व्हँकुव्हरच्या बर्फावर जे घडले ते शब्दशः हामार्शिया होते. मात्र अ‍ॅरिस्टॉटलच्या विवेचनात नेम चुकलेल्या नायकाकडे पाहून प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती जागी होते. हे माझ्यावरही ओढवू शकले असते, ही ती भीती. चाहत्याच्या प्रतिक्रियेत या दोहोंचा मागमूस नव्हता. तेथे शोकांतिकेतील नायकाचा पाहता पाहता भडक नाटकातील खलनायक झाला. मोडलेली स्टिकही या कथेत गौण ठरते. कारण स्टिकला शिव्या देता येत नाहीत. योगायोगावर कोणाचा राग निघत नाही, म्हणून कथेला माणूस लागतो.

असे का व्हावे? आमच्या मते, चाहता स्वतःला प्रेक्षक समजतच नाही. ‘आपण जिंकलो’ असे म्हणताना तो मनोमन रंगमंचावर जाऊन बसलेला असतो, पराभवात मात्र त्याला प्रेक्षागृहात परतण्याची मुभा असते. खेळाडूला ती नसते. प्रेक्षकाचे दुःख खोटे आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्यांनी लहानपणापासून वडील आणि भावंडांसह हे सामने पाहिले, त्यांचे त्या रात्रीचे हळहळणे खरेच होते, आणि अशा हळहळीवाचून कोणताही खेळ लोकांचा होत नाही. प्रश्न त्या दुःखाचा नाही, त्याची भरपाई कोणाकडून वसूल करायची याचा आहे.

येथे सांत्वनाचा एक नेहमीचा मार्ग दाखवला जातो. २००४ च्या अंतिम सामन्यात कॅनडाचा गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी याने दूर मारलेला पक आपल्याच खेळाडूला लागून जाळ्यात गेला आणि अमेरिका ४-३ अशी जिंकली. हाच फ्लरी पुढे पिट्सबर्गच्या संघाबरोबर तीनदा स्टॅन्ली चषकाचा मानकरी झाला. हे सारे खरे असले तरी हा दिलासा आम्हाला फसवा वाटतो. पुढे यश मिळाले म्हणून ती चूक क्षम्य, असा हिशेब त्यात दडलेला आहे. ज्याला असे यश कधीच मिळणार नाही, त्याचे काय? नेम चुकणे क्षम्य असायला नेम पुढे कधी लागण्याची अट का असावी?

क्वेबेकचे लेखक रॉक कारिए यांची हॉकीच्या स्वेटरवरची कथा १९७९ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातील ओळी २००२ मध्ये कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवरही छापल्या गेल्या. गावातली सगळी मुले मॉन्ट्रियलच्या संघाचा, मॉरिस रिशारच्या ९ क्रमांकाचा स्वेटर घालतात. एका मुलाला मात्र टपालाने चुकून टोरोंटोचा स्वेटर येतो आणि त्या दिवशी त्याला खेळायलाच मिळत नाही. आपण ही कथा हसत वाचतो. पण ‘आपण’च्या आत कोण आणि बाहेर कोण हे एका कपड्यावरून ठरते, ही तिच्यातील बोच हसण्याने जात नाही. कॉम्त्वाच्या अंगावर तर योग्य तोच स्वेटर होता, तरीही तो बाहेर पडला.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून वाचकांनी सुटका करून घेऊ नये. २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला होता. मराठीत सर्वनामे दोन आहेत म्हणून आपले मन अधिक मोठे आहे, असा दावा कोणी करू नये.

कॅनडा त्यानंतर २०२४ मध्ये गोथेनबर्गला आणि २०२५ मध्ये ओटावाला, दोन्ही वेळा चेकियाकडून, उपांत्यपूर्व फेरीतच हरला. योगायोग असा की दोन्ही सामने २ जानेवारीलाच झाले. अशा रात्री पुन्हा येतील. त्या वेळी चाहत्याने एवढेच करावे: ‘आपण जिंकलो’ म्हणण्याचा हक्क त्याला राखायचा असेल, तर ‘त्याने हरवले’ असे न म्हणता ‘आपण हरलो’ असे म्हणावे, आणि त्या ‘आपण’मध्ये फटका हुकलेल्या मुलालाही धरावे. ते जमत नसेल तर आधीच ‘ते’ म्हणावे, आणि १४-० च्या रात्रीही ‘ते’च म्हणावे. सर्वनाम कोणतेही निवडावे. निकाल पाहून ते बदलू नये.